ताकद कुणाच्या नावे?

ताकद ही अशी चीज आहे की ती आपल्याकडे पुरेशी आहे असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. पैसा पुरे म्हणणारे तिघं भेटले. ते तिघंही पेन्शनर होते आणि दर एक तारखेला काउंटर उघडायच्या आधी दारात उभे असत, ही गोष्ट वेगळी. जेवण पुरे म्हणणारे तर आमच्याकडे पंगतीपंगतीला दिसतात. ताटावर दोन्ही हात आडवे धरतात आणि वाढपी बोटांच्या फटीतून वाढतोच. पण "मला आहे एवढी ताकद बस झाली" असं म्हणून कुणी हात आडवे धरल्याचं ऐकिवात नाही.

खोटं वाटत असेल तर नांदेडहून लातूरला निघा. लोहा, अहमदपूर, चाकूर करत जा आणि दोन्ही बाजूंच्या भिंती वाचत जा. सिमेंट घराला ताकद देतं, सळई स्लॅबला ताकद देते, खत कपाशीला देतं, पेंड म्हशीला देते, क्लासवाले पोरांना देतात, आणि एक वैद्यराज कशाला ताकद देतात ते लेकरंबाळं गाडीत असताना मोठ्यानं वाचता येत नाही. एवढी ताकद अंगावर रंगवलेली असून खुद्द भिंती मात्र पडायला आलेल्या.

मी पडलो कॉमर्सवाला. बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि वीसेक वर्षं बदलीच्या ऑर्डरी खिशात घालून याच रस्त्यानं कधी नांदेडला, कधी लातूरला ये-जा करतोय. ताकदीशी माझा संबंध संध्याकाळी कॅशची पेटी आत नेताना दुसऱ्या बाजूनं हात लावण्यापुरता. तरी हा विषय माझ्या डोक्यात शिरला, त्याला कारण आमचे मालक.

मालक म्हणजे आमच्या शाखेचे ट्रकवाले खातेदार. नाव सांगत नाही. खातेदाराचं नाव बाहेर सांगायचं नसतं, आणि हप्ता मागंपुढं होणाऱ्याचं तर मुळीच नाही. त्यांचे तीन ट्रक आहेत आणि एक पुतण्या अमेरिकेत, टेक्सासला आहे. ट्रकांचा हप्ता महिन्याला येतो, पुतण्याचा फोन रविवारी येतो. एका सोमवारी मालक काउंटरवर वाकून म्हणाले,

"सायेब, पुतण्याचा फोन आलता. गाडीचा गिअरबॉक्स बदलूलालाय म्हणं."

"बिघडला?"

"बिघडला न्हाई. इंजिनाची ताकद वाढवली, आता गिअरबॉक्स पेलंना. म्हणून त्येची बी ताकद वाढवूलालाय."

"गाडी कसली?"

"ट्रक म्हणतेत तिकडं. डिझेल इंजिन, मागं हौदा. गिअर आपोआप पडतेत."

"आणि भरतो काय त्यात?"

मालकांनी इकडंतिकडं बघितलं आणि घरातली गोष्ट चारचौघांत निघावी तसं हळूच म्हणाले, "काय न्हाई. शनिवारी किराणा आणतोय."

नव्या गिअरबॉक्सला लागलेले डॉलर मालकांनी रुपयांत करून सांगितले. तेवढ्यात इकडे एक जुना ट्रक बरा येतो. आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. मागच्या रांगेतला एकजण "काय झालं, कोण गेलं?" असं विचारून गेला.

आता आपोआप पडणाऱ्या गिअरची भानगड काय, हे समजल्याशिवाय मला चैन पडेना. देगलूर नाक्याकडे एक उस्ताद आहेत. चाळीस वर्षं ट्रकांखाली पाठीवर झोपून काढलेली. उभे राहिले की त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि आधी साधा गिअरबॉक्स समजावून सांगितला.

त्याचं असं आहे. एक अश्वशक्ती म्हणजे पंचाहत्तर किलोचं ओझं एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याची ताकद. घोड्यावर ताकद मोजायची कल्पना जेम्स वॅटची. त्याला वाफेची इंजिनं विकायची होती आणि गिऱ्हाइकाला घोड्याची भाषा कळत होती. मी हिशेब घातला. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर, लातूर सुमारे ६३० मीटरवर. म्हणजे भरलेला २५ टनांचा ट्रक नांदेडहून लातूरला नेणं म्हणजे, वारा आणि घर्षण सोडून दिलं तरी, त्याला २७० मीटर वर उचलणं आलं. हे काम एका घोड्याला दिलं तर त्याला बरोब्बर पंचवीस तास लागतील. यातली गंमत अशी की घोडा तोच ठेवून ओझं दुप्पट केलं, तर काम होत नाही असं नाही. वेळ दुप्पट लागतो. वेग द्यायचा आणि ओढ घ्यायची, ही अदलाबदल करणाऱ्या पेटीचं नाव गिअरबॉक्स. ती ताकद तयार करत नाही. ती आमच्या शाखेसारखी आहे. नोटा छापत नाही, सुट्टे करून देते.

साध्या ट्रकात इंजिन आणि ही पेटी यांच्यामध्ये क्लच असतो. आपोआप चालणाऱ्या गाडीत तिथं तेल असतं. उस्तादांनी टपरीतला टेबलफॅन चालू केला, समोर बंद पडलेला दुसरा ठेवला. पहिल्याच्या वाऱ्यानं दुसऱ्याची पाती हळूहळू फिरायला लागली. "बस, हेच. हवाच्या जागी तेल." इंजिन एक पंखा फिरवतं, त्यानं उडवलेल्या तेलानं दुसरा फिरतो, आणि मधे तिसरा एक लहान पंखा त्या तेलाला वळण लावून ओढ वाढवतो. १९०५ साली हेरमान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरनं याचं पेटंट घेतलं, तेही बोटीसाठी. कारण बोटीचं टर्बाइन सुसाट फिरतं आणि पाण्यातला पंखा सावकाश फिरावा लागतो. बड्या साहेबाचा आवेश आणि पब्लिकचा वेग यांच्या मधे आम्हा क्लार्कांना का बसवलेलं असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

या तेलामागं पुन्हा चकत्यांचे गठ्ठे असतात. तेलाच्या दाबानं ते आवळले की गिअर पकडतो. आता इंजिनाची ताकद वाढवली आणि दाब तेवढाच राहिला, तर चकत्या घसरतात. घसरल्या की तापतात, तेल जळतं, जळक्या तेलात चकत्या आणखी घसरतात. म्हणून पुतण्यानं चकत्या वाढवल्या, दाब वाढवला, शाफ्ट दणकट घातले, तेल थंड करायला मोठी जाळी बसवली. हे सगळं का, तर बटाटे घरी वेळेवर पोचावेत म्हणून.

मी विचारलं, "उस्ताद, म्हणजे आता सगळं ठीक झालं?"

उस्ताद हसले. "साब, इंजिन बादशा आहे. हुकूम देतो. गिअरबॉक्स वजीर. सोसतो. बादशा तगडा केला तं पहिले वजीर मरतो."

"मग वजीर तगडा केला तर?"

"तं जॉइंट जातो. जॉइंट केला तं क्राउन जातं. क्राउन केलं तं एक्सल. एक्सल केला तं टायर."

"आणि सगळंच तगडं केलं तर?"

"तं ड्रायव्हर," उस्ताद म्हणाले, चिंधीला हात पुसले आणि दुसऱ्या ट्रकाखाली निघून गेले. मोठमोठ्या ग्रंथांच्या शेवटी असतो तसा हा समारोप होता. फक्त ग्रंथकर्त्याचे पाय बाहेर दिसत होते.

स्टुलावर बसल्या बसल्या मला माझं कॉमर्स आठवलं. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या एका साधूनं गणिताचा ग्रंथ छापला आणि त्यात तिथल्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धत नीट लिहून काढली. पाचशे वर्षं झाली, त्याच्यावर आमची चूल पेटते. तिचं सार एवढंच, की एका बाजूला काही जमा झालं तर दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी नावे पडलंच पाहिजे. न पडलं तर ताळेबंद जुळत नाही आणि क्लार्क घरी जात नाही. साधू माणूस हिशेबाच्या भानगडीत कशाला पडला, याचं मला कॉलेजात नवल वाटायचं. आता वाटत नाही. कर्माचा सिद्धांत आणि दुहेरी नोंद यांत फरक इतकाच, की कर्माचं ऑडिट उशिरा होतं.

मग ताकदीचं खातं तरी निराळं कसं असेल? इंजिनात शंभर घोडे जमा झाले, तर कुणाच्या तरी नावे ते पडलेच पाहिजेत. खुद्द रुडॉल्फ डिझेलचं बघा. १८९२ साली पेटंटचा अर्ज केला, १८९७ साली इंजिन धडपणे चालवून दाखवलं आणि साऱ्या जगाच्या खात्यात ताकद जमा केली. १९१३ च्या सप्टेंबरात हा माणूस अँटवर्पहून हार्विचला जाणाऱ्या बोटीवर चढला, रात्री जेवून खोलीकडे गेला आणि सकाळी बोटीवर नव्हता. मागं देणंच देणं निघालं. हे वाचल्यावर बँकेत बसणाऱ्या माणसाचं काय होतं ते तुम्हाला कळणार नाही. आमच्या मनात पहिला प्रश्न येतो, जामीनदार कोण होता?

तर सांगायची गोष्ट अशी, की पुतण्याचा हिशेब जुळतो. हौस त्याची, गाडी त्याची, तुटलं ते त्याचं, बिलही त्याचंच. (धूर शेजाऱ्याच्या नावे जातो, तो किरकोळ खर्चात टाकू.) ताकद मागणारा आणि ती पेलणारा एकच असेल तर तिला हौस म्हणायचं आणि हौसेला मोल नाही असं म्हणून पुढं जायचं. मागणारा एक आणि पेलणारा दुसरा निघाला, की मात्र तो नीतीचा प्रश्न होतो. टेक्सासचा ट्रक इथं संपतो आणि आमचा सुरू होतो.

मालकांच्या ट्रकात तसली तेलाची यंत्रणा नाही. आता काही नव्या ट्रकांत आपोआप गिअर बदलण्याची सोय येऊ लागली आहे. पण मालकांच्या ट्रकातलं ऑटोमॅटिक म्हणजे ड्रायव्हरचा डावा पाय. नांदेड ते लातूर तो किती वेळा क्लच दाबतो हे कुणी मोजलेलं नाही, कारण पायाला मीटर नसतं, गुडघा असतो. ताकद वाढवण्याचे आमचे उपायही साधे. जुन्या गाडीच्या पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवायचं, की ती काळा धूर टाकत चढ चढते. मागं दोन पाटे जादा घालायचे, की ती वाकत नाही. १ एप्रिल २०२० पासून निघालेल्या बीएस-सहाच्या गाड्यांत कॉम्प्युटर बसल्यापासून स्क्रूचं काम अवघड झालंय. पाट्यांचं झालेलं नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानं कंपनीनं दिलेल्या नि नोंदणीपुस्तकात चढलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. कलम आहे, पाटेही आहेत. दोघं एकाच रस्त्यावर राहतात, पण त्यांची गाठ क्वचित पडते.

२०१८ च्या जुलैत सरकारनं वजनाची मर्यादाच वाढवली. दहाचाकी ट्रक भरून २५ टनांपर्यंत चालायचा, तो २८.५ टनांपर्यंत चालेल असं ठरलं. मी म्हटलं, चला, मालकांचा प्रश्न मिटला. पण मर्यादा वाढली तसं मोंढ्यातल्या पोत्यांचं मनही वाढलं. २०१९ च्या दुरुस्तीनं जादा वजनाचा दंड वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार झाला. मी काळजीनं विचारलं, "मालक, एवढा दंड परवडतो?"

"न्हाई परवडत. पर न भरलेला माल बी न्हाई परवडत." मग त्यांनी माझ्याच काउंटरवरची पावती उलटी करून हिशेब मांडला. भाडं टनावर. त्यातून डिझेल, टोल, टायर, ड्रायव्हरचा भत्ता, हमाली, विमा. "पासिंगपस्तोर जे भाडं येतंय, ते तुमच्या हप्त्याला. वरचं जे, ते माझ्या घरला."

"मग वरचं घेऊ नका ना."

"म्या न्हाई म्हणलं तं मागं दुसरा उभा हाय. आन हुंडेकरी त्येलाच लाडानं चहा पाजतोय."

या वाक्याला कॉमर्समध्ये स्पर्धा म्हणतात. पाठ्यपुस्तकात ती ग्राहकाच्या हिताची असते. तेही खोटं नाही. लातूरच्या गंजगोलाईत काय किंवा आणखी कुठं काय, तुम्ही आम्ही किलोभर तूरडाळ घेताना चार आणे कमी देतो, त्या चार आण्यांत मालकाचे ते दोन पाटे असतात. हप्त्याची पावती माझ्या हातानं फाटते. म्हणजे या वहीत जमेच्या बाजूला बरीच मंडळी आहेत. व्यापारी आहे, हुंडेकरी आहे, मालक आहे, बँक आहे, तुमच्या घरचं वरण आहे.

मग नावे कोण? एक नाव सापडलं, रस्त्याचं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर भरलेले ट्रक फिरवत ठेवले आणि कोणता रस्ता कधी मोडतो ते टिपून ठेवलं. त्यातून एक ठोकताळा निघाला, की रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताच्या पटीत वाढतं. चौथा घात म्हटल्यावर मी कॅल्क्युलेटर काढला. २०१८ साली चार टायरांच्या एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ झाली. वजन वाढलं पावणेतेरा टक्के. रस्त्याचा घसारा वाढला साठ टक्क्यांहून जास्त. हे तर कायदेशीर वजनाचं झालं. पाटे घालून आणखी चढवलं तर काय, ते मी काढलं नाही. मला त्याच रस्त्यानं शनिवारी घरी जायचं असतं.

दुसरं नाव उस्तादांनी सांगितलेलंच होतं. ड्रायव्हर.

आणि तिसरं नाव अधूनमधून आमचंही असतं. मार्च जवळ आला की वरून कागद येतो, ठेवी अमुक टक्क्यांनी वाढवा, विमा तमुक विका, शाखेची ताकद वाढवा. साहेब वाचून दाखवतात. पूर्वी पाच काउंटर होते, आता दोन आहेत. म्हणजे इंजिन वाढलं आणि चकत्या कमी झाल्या. अशा वेळी काउंटरवरचा क्लार्क पेन्शनरच्या अंगावर ओरडला, तर लोक म्हणतात, सरकारी खाक्या! कुणी म्हणत नाही, तेल तापलंय.

तुम्ही म्हणाल, मग काय ताकद वाढवूच नये? हाच प्रश्न मालकांनी मला विचारला आणि जरा चिडूनच विचारला. "सायेब, तुमचं बोलणं पोट भरलेल्याचं हाय. किल्लारीचा भूकंप झाला तवा आमच्या बापानं लातुराहून ट्रक भरून नेलता. ताडपत्र्या, भाकरी, कंदिलं, माणसं, समदं एकात. तवा काटा कुठं होता? काटा बघत बसला असता तं?"

१९९३ सालच्या ३० सप्टेंबरच्या पहाटेची ती गोष्ट. चार वाजायला काही मिनिटं असताना जमीन हलली आणि हजारो माणसं झोपेतच गेली. दगडमातीच्या जाड भिंती त्यांच्याच अंगावर आल्या. त्या दिवशी ज्यानं पासिंगपेक्षा चार टन जादा नेलं, त्याला मी काय नीती शिकवू? ताकद लागते. मराठवाड्याला तर लागतेच. मागास म्हणून ज्याचं नाव कायम यादीत खाली, त्यानं अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं सांगणाराचं अंथरूण साधारणपणे पुण्या-मुंबईत असतं. लातूरनं अंथरूण बघितलं नाही. राजर्षी शाहू महाविद्यालयापासून सुरू झालेला लातूर पॅटर्न महाराष्ट्रभर गेला. कोरडवाहू शेतकऱ्यांची पोरं डॉक्टर झाली, इंजिनिअर झाली. पेपरांमागून पेपर सोडवून घ्यायचे, चुकलेलं पुन्हा घ्यायचं, सुटी नावाची गोष्ट विसरायची. इंजिन वाढवण्याचा कारखानाच तो. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंगठा उठत होता त्या घरावर डॉक्टरची पाटी लागते, तेव्हा मी चौथ्या घाताची गोष्ट काढली तर लोक मला चपलेनं मारतील आणि ते बरोबर असेल.

एवढं कबूल करून मी गप्प बसणार होतो, पण मालकांच्याच एका ट्रकाचे ड्रायव्हर मामा काउंटरवर आले.

मामांचा मुलगा लातूरला नीटच्या क्लासला. दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी थोडक्यात हुकलं. दर महिन्याला मामा पैसे भरायला येतात, क्लासची फी वेगळी, खोलीचे वेगळे, मेसचे वेगळे. या तिन्हींसाठी ते महिन्याला दोन खेपा जादा करतात, म्हणजे चार रात्री कमी झोपतात. मीच एकदा विचारलं होतं, "मामा, जरा विश्रांती घ्या." तर म्हणाले, "डाक्टर झाला की त्येच्याकडूनच घेऊ."

या वेळी मामांनी फक्त खोलीचे भरले.

"क्लासचे?"

"पुढल्या म्हैन्यात. लेकरू घरी आणलंय आठ दिस."

मी जे विचारायचं ते डोळ्यांनी विचारलं.

"न्हाई, तसलं काय न्हाई झालं," मामा म्हणाले. "गाडी लातूरला खाली केली आन बायपासला बोलीवलं त्येला. जेवलास का म्हणलं, तं हो म्हणतंय. झोपतोस का म्हणलं, तं हो म्हणतंय. मार्क सांग म्हणलं, तं आकडा सांगतंय आन पाणी येतंय डोळ्यात. म्या खांद्यावर हात ठिवला. सायेब, तीस वर्सं गिअरच्या दांडीवर हात हाय माझा. पेटी आतून तापली का न्हाई, दांडीवर हात ठिवला की कळतंय. आवाज मागनं येतोय."

"मग?"

"मग काय तं. एक गिअर खाली घ्यायचा. चढ तं चढायचाच हाय. दोन तास उशिरा पोचल."

"मालक काय म्हणाले? खेप बुडाली ना."

"म्हणले, वेडा हाईस. मास्तर बी तेच म्हणले. म्हणले, या दिसांत घरी नेतेत का कुणी?" मामांनी पावती घडी करून वरच्या खिशात ठेवली. "त्येंचं बी बराबर हाय. पर त्ये इंजिनाकडं बघूलालेत."

बीए-एमए झालेली माणसं ज्याला तत्त्वज्ञान म्हणतात ते असं वरच्या खिशात पावतीशेजारी राहत असेल असं मला वाटलं नव्हतं. पुढच्या वर्षी नीटचं काय होईल, मला माहीत नाही. मामांनाही नाही. खालच्या गिअरमध्ये गाडी चढतेच असं उस्तादसुद्धा लिहून देत नाहीत. मागची गाडी हॉर्न वाजवते, कधी कधी पुढं निघून जाते आणि लातुरात आपल्या आधी माल उतरवून रिकामीही होते. ते नुकसान खरं आहे, आणि मामांनी ते आपल्या नावे लिहून घेतलं. मुलाच्या नावे टाकलं नाही. माझ्या दृष्टीनं सगळी नीती एवढ्यात आली.

ही अक्कल माणसाला कधीच नव्हती असं नाही. याच रस्त्यावर लोह्याजवळ माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, सगळ्यांचा बाजार. तिथं एकदा थोडा वेळ उभे राहा. खरी अश्वशक्ती तिथं विकायला असते. अनुभवी गिऱ्हाईक घोडा किती पळतो हे नंतर विचारतं. आधी वाकून त्याचे खूर बघतं, गुडघे चाचपतं, दात मोजतं, पाठीवरून हात फिरवतं. ज्यानं पेलायचंय त्याला आधी विचारून घेतं. घोडे इंजिनात भरले आणि त्यांचे गुडघे दिसेनासे झाले, तेव्हापासून आपण नुसता आकडा विचारायला लागलो.

म्हणून बँकेत बसून मला एक सूचना सुचली आहे. वरिष्ठांना कळवलेली नाही, कारण वर कळवलेल्या सूचनेचं पुढं टार्गेट होतं. आमच्याकडे साधं कर्ज काढायचं तरी जामीनदार आणावा लागतो. उद्या बुडालं तर कुणी भरायचं, त्याची आधी सही. ताकदीलाही तसंच करावं. इंजिन वाढवायचं असेल, पोरगं वाढवायचं असेल, शाखा वाढवायची असेल, देश वाढवायचा असेल, खुशाल वाढवा. फक्त उद्या जो तापणार, जो तुटणार, त्याची अर्जावर आधी सही घ्या. तो हो म्हणाला तर दोन पाटे काय, चार घाला. भूकंपाच्या पहाटे ड्रायव्हर आपण होऊन सही करतो, तो प्रश्नच नाही. रोजच्या पोत्यांसाठी त्याची सही आपण गृहीत धरतो, तिथं घोटाळा आहे.

गिअरबॉक्सला सही येत नाही. त्याच्या वतीनं उस्तादांनी करावी. रस्त्याच्या वतीनं कुणी करावी यावर सध्या तीन खाती एकमेकांकडे बोट दाखवतील. ड्रायव्हरला सही येते, पण कागद त्याच्यापर्यंत जात नाही. राहता राहिली पोरं. त्यांचं अवघड आहे. ती बिचारी बाप म्हणेल तिथं आनंदानं सही करतात आणि वर विचारतात, अजून कुठं करू? पण ती सही धरता येणार नाही. १८७२ च्या करार कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलाशी केलेला करार मुळात करारच नसतो. आम्हाला बी. कॉम.ला होतं ते. कायद्याच्या मराठीत अशा मुलाला 'अज्ञान' म्हणतात, आणि त्याच्या जागी सही करणाऱ्या बापाला 'सज्ञान' म्हणतात. हा शब्द ठेवणाराही बहुधा विनोदी लेख लिहीत असावा.